साखरचौथ सेव्ह झाली नाही

माझं माहेर माणगावकडचं, भातशेतीवाल्यांचं. आमच्याकडे गणपती भाद्रपदातल्या चतुर्थीला येतो आणि ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे दीड दिवसांनी, पाच दिवसांनी जातो, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन अलिबागजवळच्या खारपट्टीतल्या या गावात आले तेव्हा कळलं की इकडे गणपतीला आणखी एक तारीख असते. चतुर्थीला ज्या घरात सुतक पडलं, बाळंतपण झालं किंवा दुसरं काही आडवं आलं, ते घर पुढच्या संकष्टीला, भर पितृपक्षात मूर्ती आणतं. तिला साखरचौथ म्हणतात. काही घरांचा तर गणपतीच दरसाल साखरचौथीचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती नापासांची ऑक्टोबरची परीक्षा वाटली, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. सासरे पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

माझा नवरा प्रोग्रॅमर आणि मी टेस्टर. नवी मुंबईच्या एका ऑफिसात तो कोड लिहायचा आणि मी त्यातल्या चुका काढायचे. तिथूनच आमचं जमलं. आता त्याने नोकरी सोडली आहे, इकडचीच लहानमोठी कामं घेतो. माझी नोकरी घरून चालते. लोक म्हणतात, एकाच धंद्यातली माणसं, बरं असेल. बरं असतं, पण घरातल्या नवऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळत नाही आणि तरी काढाव्या लागतात.

पेणच्या रस्त्याला सासऱ्यांच्या एका मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. दोघे एका बाकावर शिकलेले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या मूर्ती ट्रक भरभरून मुंबईला जातात, पण जवळपासच्या काही जुन्या घरांसाठी काका अजून शाडूची मूर्ती हाताने करतात, आणि ती त्या त्या घराच्या पाटावर. पावसाळ्याच्या आधी घरचा कर्ता आपला पाट कारखान्यात नेऊन देतो, तीच ऑर्डर. मूर्ती पाटावरच घडते, पाटासकट घरी येते, पाटासकट पाण्यापर्यंत जाते. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर ओंजळभर वाळू घेऊन माणसं घरी परततात.

आमच्या घरचा पाट सासऱ्यांनी स्वतः केलेला. बाबांचं तरुणपण मिठागरात गेलं. भरतीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला बांधात जी लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. मिठागर बंद पडलं तेव्हा बाबांनी त्या उघाडीची एक फळी खांद्यावर टाकून घरी आणली आणि रंधा मारून तिचा पाट केला. मिठात मुरलेलं लाकूड, त्याला वाळवी लागत नाही असं ते अभिमानाने सांगत. एका कोपऱ्यात लोखंडी खिळ्याचं भोक होतं, ते त्यांनी बुजवलं नाही. दर वर्षी पाट कारखान्यात पोचवायला ते स्वतः जात, आणि चतुर्थीच्या सकाळी मूर्ती आणायलाही तेच.

काकांच्या ऑर्डरी वहीत असत, आणि वहीवर शाडू सांडलेला असे. माझ्या नवऱ्याने त्यांना सिस्टीम करून दिली. जावास्क्रिप्टमध्ये लिहिली. एका ऑर्डरचं एक मॉडेल: नाव, फोन, उंची, पितांबराचा रंग, पाट घरचा की कारखान्याचा, मूर्ती नेली की नाही. मी तेव्हाच विचारलं होतं की यात मूर्ती न्यायची तारीख कुठे आहे. तो म्हणाला, चतुर्थी सगळ्यांची एकच असते, ती पंचांगात आहे, मॉडेलमध्ये कशाला. आणि साखरचौथ? त्या ऑर्डरी काका चतुर्थी उरकल्यावर तोंडी घेतात आणि मग मूर्तींना हात घालतात, त्यांचं सिस्टीमला काय. त्याचं म्हणणं खरं होतं. मी विषय सोडला.

काकांना सिस्टीम फार आवडली. सकाळी आंघोळ, मग देवपूजा, मग सिस्टीम. गिऱ्हाइकांना ते स्क्रीन वळवून दाखवत आणि "आमच्या पोराने केलंय" असं सांगत. पोरगा म्हणजे माझा नवरा.

मग बाबा गेले. चतुर्थी उंबरठ्यावर होती. सकाळी जिताडा मासे पाळलेल्या तळ्यावर जाऊन आले, ओटीवर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर आले तोवर मान कलली होती. अलिबागला नेलं, पण तिथे फक्त कागद मिळाला. माझ्यावर त्या माणसाने फार माया केली होती. माझ्या साखरचौथीच्या विनोदावर हसणारा या घरात तो एकटाच होता, आणि मी मोठ्याने रडले.

आमची मूर्ती तेव्हा कारखान्यात तयार होती. रंग लागलेला, फक्त डोळे उघडायचे बाकी. सुतकात गणपती आणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत. चुलत सासरे म्हणाले, या वर्षी राहू द्या, दादाच नाही तर कसला सण. भावकीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा काही बोलल्या.

"खंड नाय पारायचा. साखरचवथ हाय ना. त्यांच्याच पाटावं बसंल."

त्या लग्न होऊन आल्यापासून या घरात गणपतीचा खंड पडलेला नव्हता. पूर आला, मिठागर बुडालं, एक मूल जाऊन दुसरं झालं, पण चतुर्थी नाहीतर साखरचौथ, देव आला नाही असं वर्ष नाही. आता बाबा गेल्याच्या वर्षीच तो पडला तर, त्या मला चुलीपाशी म्हणाल्या, आपण कर्त्यामागे घर सांभाळलं नाही असं होईल. मला ते सगळं पटलं असं नाही. पण त्यांना काय हवं आहे ते स्वच्छ कळलं: देव, आणि तो बाबांच्या पाटावर.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं, काकांना कळव, मूर्ती साखरचौथीपर्यंत ठेवा म्हणावं. नवऱ्याने पडवीत बसूनच लॅपटॉप उघडला. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगावर पंचा, आणि मांडीवर लॅपटॉप. भेटायला आलेली दोन माणसं त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. त्याने बाबांच्या नावाची ऑर्डर काढली, कोडमध्ये काहीतरी टाकलं, सेव्ह केलं आणि स्क्रीन आईकडे वळवली. बाबांचं नाव, उंची, पिवळा पितांबर, आणि खाली लाल अक्षरांत ‘साखरचौथ’. आईंनी चष्मा लावून वाचलं. मग म्हणाल्या, काकांना फोनपण कर. तो म्हणाला, कशाला, सिस्टीममध्ये टाकलंय, काका रोज सकाळी तेच बघतात.

त्या दिवसांत त्याला फोनवर बोलणं जमतच नव्हतं. ‘हॅलो’ म्हटलं की समोरून रडणं यायचं. स्क्रीनवर एक शब्द लिहून काम भागत असेल तर त्याला ते हवंच होतं.

दरवर्षी चतुर्थीच्या सकाळी नवरा सिस्टीम सांभाळायला कारखान्यात काकांच्या शेजारी बसतो. त्या वर्षी सुतक. आम्ही घराबाहेर पडलो नाही. आजूबाजूच्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या आणि आई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा काही फार वाईट नव्हता. आपला पुढे आहे, एवढं त्या एकदा म्हणाल्या.

तेरावं झालं, अनंत चतुर्दशीही उरकली. साखरचौथ जवळ आली तसा नवरा मूर्ती कधी न्यायची ते विचारायला कारखान्यात गेला. अर्ध्या तासात येतो म्हणून गेलेला माणूस दुपार कलली तरी आला नाही. आला तो सरळ विहिरीकडे गेला, तोंड धुतलं, आणि मला खूण करून मागच्या दारी बोलावलं.

मूर्ती कारखान्यात नव्हती. पाटही नव्हता.

झालं होतं ते असं. चतुर्थीच्या सकाळी मुंबईचं एक कुटुंब काकांकडून मूर्ती घेऊन मांडव्याकडच्या आपल्या बंगल्यावर निघालं. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली आणि मूर्तीचा हात सोंडेसकट निखळला. ती माणसं रडकुंडीला येऊन परत कारखान्यात. घरी पाहुणे, गुरुजी येऊन बसलेले. काकांकडे शिल्लक काही नाही. फक्त माझ्या सासऱ्यांची मूर्ती फळीवर उभी. काकांचा एक नेम आहे, चतुर्थीच्या दिवशी तयार मूर्ती कारखान्यात बसवून ठेवायची नाही. तिला घर मिळालंच पाहिजे. तरी त्यांनी लगेच दिली नाही. सिस्टीम उघडली, ऑर्डर बघितली. साखरचौथीचं अक्षरही नव्हतं. मग त्यांना वाटलं, या वर्षी आणायचाच नाही असं ठरलं असेल. त्यांनी मूर्तीचे डोळे रंगवून उघडले आणि ती पाटासकट त्या लोकांच्या हातात दिली, कारण शाडू पाटाला धरलेला असतो. पाट तेवढा परत आणून द्या, असं सांगितलं. ती माणसं हो म्हणाली आणि घाईत निघून गेली.

काका मला नंतर म्हणाले, "फोन लावायला हात गेला होता, पोरी. पन ऑर्डरीत नंबर तुझ्या सासऱ्याचा. त्याच्या नावावर बोट ठेवायला जमंना. म्हनलं, पोरानं स्वतः केलेली सिस्टीम, काय असतं तर त्यानं टाकलं नसतं काय?"

इकडे आमचा म्हणे, सिस्टीममध्ये टाकलंय, काका बघतील. तिकडे काका म्हणे, टाकलं असतं तर दिसलं असतं. भेटायला काका घरी आले होते, बाबांच्या जागेकडे बघत तासभर बसले होते, पण दुःखाच्या घरी मूर्तीचं काय करू असं कोण विचारतो. दोघांनीही विश्वास ठेवला तो एका लाल शब्दावर, आणि तो शब्द होताच कुठे?

"मी टाकलं होतं," नवरा म्हणाला. "तू बघितलंस. आईनं बघितलं."

मी म्हटलं, लॅपटॉप आण.

त्याने ऑर्डर काढली. साखरचौथ नव्हती. त्याने पुन्हा टाकली, सेव्ह केलं. लाल शब्द हजर. बघ, म्हणाला. मी म्हटलं, आता पान बंद कर आणि परत उघड. उघडलं. गेला. त्याने पुन्हा टाकली. आली. पान ताजं केलं. गेली. असं तो किती वेळ करत बसला असता कोण जाणे. मी लॅपटॉप ओढून घेतला आणि कोड बघितला. त्याने लिहिलेली ओळ एकच होती. ऑर्डर, पुढे टिंब, टिंबापुढे साखरचौथ, बरोबरचं चिन्ह आणि ‘ट्रू’. खाली सेव्ह. त्याच्याखाली तीच ऑर्डर पानाला दाखवायला दिलेली.

हे ज्यांच्या धंद्यातलं नाही त्यांच्यासाठी कारखान्याच्याच भाषेत सांगते. मॉडेल म्हणजे साचा. साच्यात उंदीर नसेल, तर साच्यातून निघालेल्या एका मूर्तीला तुम्ही हाताने उंदीर चिकटवू शकता. त्या मूर्तीपाशी तो दिसतो, हात लावून बघता येतो, गिऱ्हाइकाला दाखवता येतो. पण साच्याला त्याचा पत्ता नसतो. पुन्हा साच्यातून काढलेल्या मूर्तीला उंदीर नाही. नवऱ्याने साखरचौथ ही मूर्तीला चिकटवली होती, साच्यात कोरली नव्हती. मॉडेलमध्ये जे फील्ड, म्हणजे रकाना, आधी सांगून ठेवलेलं नाही, ते सेव्ह करताना डेटाबेसपर्यंत जातच नाही. बाकीचं सगळं नीट जातं. हे एक गुपचूप मागे राहतं.

आणि मग ते स्क्रीनवर का दिसलं? तर सेव्ह झाल्यावर त्याने डेटाबेसमधून ऑर्डर परत आणलीच नव्हती. हातात होती तीच, उंदीर चिकटवलेली, आईला दाखवली होती. बारा जणांनी बघितली असती तरी दिसलीच असती.

मला सगळ्यात राग आला तो एरर न आल्याचा. जावास्क्रिप्टला नाही म्हणायची सवयच नाही. कुठल्याही ऑब्जेक्टला कुठलंही नाव जोडा, ते हो म्हणतं. आमच्याकडे एक मेव्हणे आहेत तसे. लग्नाला येणार? येणार. चार माणसांना घेऊन येणार? येणार. आणि लग्नाच्या दिवशी फोन बंद. मॉडेलनेही काही विचारलं नाही, हे काय नवीन, हे फील्ड माझ्या ओळखीचं नाही. दोघेही सभ्यपणे गप्प राहिले. कडक नियम लावून, रीतसर ‘सेट’ करून घातलं असतं तर मॉडेल ओरडलं असतं, पण सुतकातल्या माणसाने पडवीत बसून एवढा विचार करावा अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

ऑफिसात असते तर त्याला झोडलं असतं. एरर आला नाही म्हणजे काम झालं, ही प्रोग्रॅमर लोकांची जुनी खोड. पण तो मागच्या दारी पायरीवर बसला होता, मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते कुठे केस येत होते, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की बाबांचा पाट मी स्वतःच्या हाताने देऊन टाकला. मला त्याची दया आली. मी म्हटलं, पाट गेलेला नाही, कुणाकडे तरी आहे, आणि त्या कुणाची तरी ऑर्डर सिस्टीममध्ये आहे. ती तरी खरी आहे.

आईंना सांगणं भाग होतं. त्याने सांगितलं. मी दाराआड उभी होते. आई म्हणाल्या की मूर्ती गेली ती गेली, देवाची ती, कुणाकडे तरी बसली. पण पाट?

आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी आपल्या बाजूने एकच सांगितलं. "पाट आन. मूर्ती मी करतो, येवढीशी का होईना. पाटाशिवाय तुझ्या आईम्होरं यायला मना तोंड नाय."

मुंबईच्या त्या कुटुंबातल्या बाईंना फोन मी लावला. खरं सांगायचं तर मी भांडायच्या तयारीनेच लावला. मांडव्याच्या बाजूला बंगले बांधणारी माणसं आम्हाला काही नवी नाहीत. जुनं लाकूड दिसलं की त्यांना ते भिंतीवर लावावंसं वाटतं. एकीने आमच्या गावातलं मोडकं होडकं नेऊन त्यात कमळं लावली आहेत. बाबांच्या पाटावर मनीप्लँट ठेवलेलं असणार हे मी मनाशी धरूनच चालले होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा "अरे देवा" म्हणाल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "पाट आहे हो, आमच्याबरोबर मुंबईला आणलाय. बंगला बंद असतो ना. परत द्यायचं राहूनच गेलं. आणि ताई, त्याच्यावर वाळू आहे. विसर्जनाला मदत करणारी मुलं म्हणाली, ही टाकायची नसते. पण पुढे काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून तशीच ठेवलीय देवापुढे."

माझं सगळं भांडण तिथेच बसलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बोटीने आल्या. आम्ही दोघं मोटरसायकलवरून मांडव्याच्या जेट्टीवर गेलो. बोट लागली, माणसं उतरू लागली, बॅगा, पोरं, सायकली. सगळ्यात मागून एक साठीच्या बाई आल्या, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांवर आडवं धरलेलं. कुणी मदतीला हात पुढे केला तर मान हलवून नाही म्हणत होत्या. बोट हलत होती म्हणून गेटवेपासून पाट मांडीवर सपाट धरून बसले, वाळू सांडायला नको, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. त्यांचे हात भरून आले होते. मी पाट घेतला तेव्हा कोपऱ्यातलं खिळ्याचं भोक चादरीतूनही बोटाला लागलं.

त्यांनी माफी मागितली. आम्हीही मागितली. जेट्टीवरच्या उन्हात तिघं एकमेकांची माफी मागत उभे राहिलो, आणि मागचा हमाल म्हणाला, बाजूला होऊन मागा. मग बाईंनी विचारलं की पाट कुणाचा. माझ्या नवऱ्याने "माझ्या वडिलांचा" एवढं सांगितलं. बाबा गेल्यापासून तो माझ्यादेखत पहिल्यांदा रडला. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी पाट धरलेला असल्यामुळे मला काहीच करता येत नव्हतं.

घरी आलो तर आई ओटीवरच होत्या. मी पाट त्यांच्यापुढे ठेवला आणि चादर सोडली. मांडव्याच्या किनाऱ्यावरची ती काळपट वाळू आता सुकून गेली होती, त्यात एक तांबडं फूलही वाळून चिकटलं होतं. आईंनी फळीवर हात फिरवला, भोकापाशी बोट नेलं. मग वाळू चिमटीत घेतली आणि विचारलं, त्या बाईंनी देव कधी बसवला.

नवरा म्हणाला, चतुर्थीलाच. उशीर झाला होता, पण दुपारच्या आत.

"यांच्याच पाटावं?"

"हो. पाटासकटच नेला ना."

आईंनी वाळू परत पाटावर सोडली. "मंग खंड कंचा पारला?" त्या म्हणाल्या. "चवथीला पाटावं देव बसला, पान्यात गेला, वालू घरा आली. आनखी काय ऱ्हायलं?"

एवढं बोलून त्या उठल्या. वाळू त्यांनी ओंजळीत घेतली, थोडी तांदळाच्या पिंपात टाकली, थोडी घराच्या चारही कोपऱ्यांत, आणि उरलेली बाबा बसत त्या ओटीच्या कडेला. मग मला म्हणाल्या, भूक लागलीय, काय आहे? मी आदल्या दिवशीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. पितृपक्षात सुकट का असं त्यांनी विचारलं नाही, मीही माझ्या चुकीची आठवण करून दिली नाही.

काकांनी त्या पाटावर वीतभर उंचीची शाडूची मूर्ती केली. वाळायला वेळ नव्हता म्हणून कारखान्यातले दोन पंखे आणि एक मोठा दिवा तिच्यावर लावला. रंग ओलसर राहिला तो राहिलाच. आरतीच्या वेळी माझ्या बोटाला पितांबराचा पिवळा लागला. काका स्वतः मूर्ती घेऊन आले होते, आणि आईंनी त्यांना ओटीवर बाबांच्या जागी बसवलं.

सण झाल्यावर नवऱ्याने साच्यात कोरायचं काम केलं. मॉडेलमध्ये नवं फील्ड आलं: मूर्ती कधी न्यायची, चतुर्थी की साखरचौथ. शिवाय अनोळखी नाव जोडू पाहिलं की सिस्टीम आता ओरडते. मी तपासलं. भरलं, सेव्ह केलं, पान बंद केलं, लॅपटॉप बंद केला, पुन्हा सगळं उघडलं. होतं जागेवर.

यंदा पाट कारखान्यात द्यायची वेळ आली तेव्हा नवरा पुन्हा पडवीत लॅपटॉप घेऊन बसला. आई शेजारी होत्या. नावाच्या जागी बाबांचं नाव होतं. त्याने काही न विचारता ते खोडून आईंचं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि हरकत घेतली नाही. मग तो फोन नंबर खोडायला लागला, तशा त्या म्हणाल्या, तो राहू दे. तो म्हणाला, आई, बाबांचा फोन बंद आहे. त्या उठल्या, कपाटातून बाबांचा जुना फोन घेऊन आल्या. चार्ज केलेला होता. मला दाखवत म्हणाल्या की गेल्या महिन्यापासून चालू आहे, मासळीवालीला त्यावरूनच फोन करते, तुम्हाला घरात काय चाललंय ते कुठे ठाऊक असतं.

त्याने नंबर तसाच ठेवला. सेव्ह केलं. माझ्या तोंडाकडे बघून, न सांगता, पान बंद करून परत उघडलं. आईंचं नाव, बाबांचा नंबर, चतुर्थी. सगळं होतं.

"जालं?" आईंनी विचारलं.

तो म्हणाला, झालं.

पण त्यांनी तोवर काकांचा नंबर लावलाही होता. काकांच्या फोनवर बाबांचं नाव आलं असणार. फोन उचलल्याचं आम्हाला कळलं, पलीकडून कारखान्यातले आवाज येत होते, पण काका काही बोलत नव्हते. आई थांबल्या. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्या एरवी बोलतात त्याहून हळू बोलल्या.

"मी बोलतंय. पाट उंद्या पाठवतंय. आमचा गनपती चवथीला हाय, औंदा कुनाला देऊ नको."